बोरनाल्याच्या वाटेवरची लाल चिंधी

आमच्या खैरटोल्यात सकाळी दोघांची वाट पाहतात. एक दूधवाल्याची आणि दुसरी लटारू निमगडेची. दूधवाला आला नाही तर लोक काळा चहा पितात आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. लटारूभाऊ आला नाही तर बोरनाल्याच्या बाजूला कुणी दातण घेऊनही फिरकत नाही.

मी मन्सूर, इथला शिंपी. माझं घर गावाचं शेवटचं. ओट्यावर मशीन, समोर पोंभुर्ण्याला जाणारा रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे नाल्याची पायवाट फुटते. त्या फाट्यावर मोहाचं एक झाड आहे. त्याच्या खालच्या फांदीला लाल चिंधी बांधलेली असली तर समजायचं की नाल्यावर वाघाची ताजी खूण आहे, मुकाट्यानं घरी जा. फांदी मोकळी तर वाट मोकळी. चिंध्या माझ्याकडच्या. लग्नसराईतल्या ब्लाउजांची कात्रणं मी गाठोड्यात बांधून ठेवतो, त्यातली लाल तेवढी लटारूभाऊ निवडून नेतो. जंगलाशी माझा संबंध एवढाच. मला चितळ आणि सांबर दुरून सारखेच दिसतात, आणि जवळून पाहायची हौस नाही.

लटारूभाऊचं तसं नाही. पन्नाशी उलटलेला, अंगानं काटकुळा, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. अर्धं आयुष्य वनखात्याच्या मजुरीत गेलं, उन्हाळ्यात वणवा अडवायच्या रेषा कापण्यात. पुढे खात्यानं गावागावांतून माणसं निवडली, वाघावर नजर ठेवायची आणि गावाला सावध करायचं म्हणून, तेव्हा बीटगार्डनं याचंच नाव दिलं. एक शिट्टी, एक काठी, एक जाकीट आणि एक वही मिळाली. जाकीट त्याच्या बायकोनं, कमळाबाईनं, पहिल्याच थंडीत बकरीच्या पिल्लांवर पांघरलं. वही मात्र त्यानं जिवापाड जपली. ती मावेल असा खोल खिसा त्याच्या प्रत्येक शर्टाला मी शिवून देतो. बाकीचा शर्ट कसाही बेतला तरी त्याची तक्रार नसते, खिसा बोटभर कमी पडला की मात्र तो ओट्यावरून हलत नाही.

त्याचा खरा हंगाम दसऱ्याच्या आगेमागे सुरू होतो. पाऊस ओसरतो, नाल्याचं गढूळ पाणी निवळतं, काठची वाळू उघडी पडते. संध्याकाळी तो नाल्यावर जातो आणि जनावरं जिथून पाणी ओलांडतात त्या उतारांवरची ओली वाळू पळसाच्या डहाळीनं सपाट करतो, बाया अंगण सारवतात तशी. पहाटे पुन्हा जातो. रात्रभरात कोण आलं, कोण गेलं, ते वाळूवर उमटलेलं असतं. ते वहीत लिहायचं. वाटेत डोळ्यांना दिसलं ते लिहायचं, कानांनी ऐकलं ते लिहायचं. दुसऱ्यानं सांगितलेलं लिहायचं नाही. एकदा सरपंचानं आपल्या शेताच्या बांधावर अस्वल पाहिलं आणि ते वहीत यावं म्हणून चहा पाजला. लटारूभाऊनं चहा पिऊन घेतला आणि म्हणाला, "तुमी पाह्यलं ना, मंग तुमीच लिहा."

या कामानं माणूस जरा चक्रम झाला होता, हेही सांगतो. बाजाराच्या दिवशी चिखलातून चालताना तो बकऱ्यांचे उमटलेले पाय चुकवून चालायचा. खुणेवर पाय द्यायचा नाही, ही सवय. लोक हसायचे. मीही हसायचो. पण थंडीच्या तोंडाला शेपूट हलवत फिरणारा तो बारका धोबी पक्षी नाल्यावर पहिल्यांदा दिसला की लटारूभाऊ माझ्या ओट्यावर येऊन ज्या तोंडानं सांगायचा, "मन्सूरभाऊ, धोबी आला," त्या तोंडानं लोक दिवाळीला जावई आल्याचं सांगतात. तेव्हा मला त्याचा हेवा वाटायचा. वर्षातून एकदा इतका आनंद व्हावा असं माझ्या मशीनवर काहीच येत नाही.

एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. अश्विन-कार्तिकात आमच्या गावाचं अर्धं पोट नाल्यावर चालतं. धान अजून शेतात उभा असतो. बाया नाल्यात हातजाळं घेऊन झिंगे आणि बारकी मासोळी धरतात, काठचं गवत कापतात, झाडूसाठी शिंदीच्या पात्या आणतात. म्हशी तिकडेच चरतात. आणि नेमकं त्याच दिवसांत काठचं गवत माणसाच्या डोक्यावर जातं. त्यात वाघ बसला तर चार हातांवरून दिसत नाही. म्हणून जावं की न जावं, हे लटारूभाऊच्या एका शब्दावर ठरायचं. तो शब्द चुकला तर माणूस जाणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

गेल्या वर्षी अश्विनात वारलू गेला.

वारलू गेडाम, म्हशी राखणारा म्हातारा. दात एकही नाही, पण गाणं म्हणायची खोड. त्या सकाळी फांदी मोकळी होती. वारलू म्हशी घेऊन माझ्या समोरच फाट्यावर थांबला आणि परतणाऱ्या लटारूभाऊला विचारता झाला, "काय गा, जाऊ काय? एक म्हैस कालपासून तिकडंच हाये."

"आज वाळूवर काही नाई," लटारूभाऊ म्हणाला.

हे खरंच होतं. वाळू कोरी होती. पण कोऱ्या वाळूचा अर्थ एवढाच की रात्री कुणी नाला ओलांडला नाही. ज्यानं आधीच ओलांडला होता आणि जो अलीकडच्या गवतात म्हशीच्या मढ्याजवळ बसला होता, तो कशाला पुन्हा वाळूवर पाय उमटवेल? लटारूभाऊला हे कळत नव्हतं असं नाही. पण रोज रोज लोकांना एवढं सगळं कोण सांगणार, आणि कोण ऐकणार? लोकांना हो किंवा नाही हवं असतं. तो "काही नाई" म्हणायचा आणि लोक "जा" असं ऐकायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि वर्षानुवर्षं निभावलंही होतं.

दुपारी म्हशी एकट्याच गावात आल्या.

वारलूला आणला तेव्हा त्याच्यावर माझ्या दुकानातली चादर टाकली. मी पुढचं वर्णन करणार नाही. तो सापडला त्या जागी दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्यानं एकेक हिरवी डहाळी टाकायला सुरुवात केली. वाघानं माणूस नेलेल्या जागेवर आमच्याकडे टाकतात, वाघोबाच्या नावानं. लटारूभाऊ बौद्ध, त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात देव नाही, वाघोबाही नाही. तो डहाळी टाकत नव्हता. पण तोंडातला खर्रा आधी बाजूला थुंकून त्या ढिगाजवळ येऊन उभा राहायचा.

लटारूभाऊला कुणी काही बोललं नाही. वारलूच्या मुलानंही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा होतो.

त्यानंतर फांदीवरची चिंधी उतरेचना. आज लाल, उद्या लाल, परवा लाल. पहिले काही दिवस लोक गप्प राहिले, भीती ताजी होती. मग कुजबुज सुरू झाली. घरात कोरडी भाकर आणि मीठ, गोठ्यात वासरू हंबरतंय, आणि नाला हाकेच्या अंतरावर. मी एकदा लटारूभाऊला ओट्यावर बसवलं आणि स्पष्टच विचारलं, "रोज कसा काय येते बा वाघ? त्याले दुसरं काम नाई का?"

त्यानं वही काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "वहीत मी खरं तेच लिहून राह्यलो. चिंधी मात्र रोजच बांधतो."

"म्हंजे खोटी?"

"तांबडं पाहून कोनी मरत नाई, मन्सूरभाऊ. मोकळी फांदी पाहून मरते."

मला राग आला. मी म्हटलं, "अरे, रोज मरे त्याला कोण रडे! तू रोजच भ्या दाखवशील तं लोकायले भ्या राहीन का? एक दिवस खराच येईन अन् तुया चिंधीकडे कोनी पाहनार नाई." त्यानं मान हलवली आणि गाठोड्यातून आणखी दोन लाल कात्रणं उचलून गेला. मी रागाच्या भरात त्या दिवशी एका पायजम्याचे दोन्ही पाय एकात एक शिवून टाकले.

त्या वेळी मला आणखी एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती मला माझ्या घरवालीनं, कमरजहाँनं सांगितली. म्हणाली, चिंधीकडे आता कोण पाहतं? बाया कमळाबाईकडे पाहतात.

झालं होतं ते असं. लटारूभाऊ गावाला लाल दाखवायचा, पण बायकोशी खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. पहाटे घरी आला की कमळाबाई चुलीवर चहा ठेवून विचारायची, "अवो, खरं सांगा, आज हाये का?" आणि तो खरं सांगायचा. खूण नसली की कमळाबाई जाळं आणि टोपली घेऊन मागच्या बाजूनं नाल्याकडे निघायची. तिलाही घर चालवायचं होतं. मुलगा आयुष चंद्रपूरला शिकत होता, आणि वनखात्याच्या मानधनावर घरातला दिवासुद्धा धड जळत नाही. शेजारच्या गुणाबाईनं हे आधी हेरलं. गुणाबाई आणि कमळाबाई एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या, एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींची चूल सांभाळलेल्या. गुणाबाईनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. थोड्याच दिवसांत साऱ्या आळीला ठाऊक झालं की कमळा निघाली म्हणजे वाट सुरक्षित, कमळा घरी बसली म्हणजे नाही. फांदीवरची चिंधी वाऱ्यावर फडफडत राहायची आणि परसांमागून बायांची रांग हसत-बोलत नाल्याकडे जायची.

कमळाबाई एकदा वैतागून म्हणालीही होती, "माया पायाकडे काऊन पाह्यता वो? मी काय वाघाची मावशी हावो?" बाया हसल्या. तीही हसली.

मी हे लटारूभाऊला सांगितलं. लपवून ठेवायचा माझा स्वभाव नाही. तो म्हणाला, "चांगलं हाये ना. तिले मी खरं सांगतो. म्हंजे गावाले खरंच कळते." मला तेव्हा त्यात काही खोट दिसली नाही. चिंधी खोटी झाली होती, पण तिच्या जागी एक खरी खूण मिळाली होती. एवढंच होतं की त्या खुणेला पाय होते, घर होतं, नवरा होता, आणि तिला दुसऱ्याही कामानं बाहेर पडावं लागे. हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

कार्तिकातली ती सकाळ धुक्याची होती. दिवाळी होऊन गेली होती, हलका धान कापायला आला होता. मी मशीनला तेल देत होतो. लटारूभाऊ धुक्यातून आला, फांदीला नवी चिंधी बांधली, जुनी काढली नाही. दोन चिंध्या मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यानं रस्त्यापलीकडूनच ओरडून सांगितलं, "वाघीन हाये, मन्सूरभाऊ! संग पिल्लं. आताच गेली हाये, पायाच्या खुनेत अजून पानी भरून राह्यलं. कोनाले जाऊ देऊ नोका. मी तिकडल्या धानातल्या लोकायले सांगून येतो." आणि तो घरी न जाता बांधाबांधानं धावत निघाला. पलीकडच्या शेतात परगावचे मजूर धान कापत होते, त्यांना ना चिंधी ठाऊक, ना कमळाबाई.

मी ओट्यावर उभा राहिलो. दोन-तीन पोरं आली, त्यांना हाकललं. एक गुराखी आला, त्याला हाकललं. माझ्या डोळ्यांसमोरची वाट मी अडवली. पण मागच्या बाजूनं, घरांच्या परसांतून नाल्याकडे जी दुसरी वाट उतरते, ती माझ्या ओट्यावरून दिसत नाही.

तिकडे कमळाबाईनं चहा ठेवला होता. चहा उकळून गेला, पुन्हा ठेवला, तोही आटला. नवरा आला नाही. दिवस वर आला, धुकं हललं नाही. रोज जो माणूस अंगणात पाय धुताना दिसायचा तो नव्हता. तिच्या मनात वारलू आला. मला ती नंतर एवढंच म्हणाली, "मले वाटलं, त्यायलेच धरलं." तिनं काठी घेतली आणि परसातून नाल्याकडे निघाली. मोहाच्या झाडाकडून आली असती तर दोन चिंध्या दिसल्या असत्या आणि मीही दिसलो असतो. पण घाबरलेलं माणूस जवळची वाट धरतं.

गुणाबाईनं तिला जाताना पाहिलं. हाक मारली, ती कमळाबाईला ऐकू गेली नाही. गुणाबाईनं टोपली आणि जाळं उचललं आणि आळीत आवाज दिला, "चला वो, कमळा निघाली!"

सहा-सात बाया निघाल्या. त्यांत कमरजहाँ होती. मी ओट्यावर पहारा देत होतो आणि माझीच बायको मागच्या वाटेनं नाल्यात उतरत होती. हे आठवलं की आजही माझा हात मशीनच्या चाकावर थांबतो.

कमरजहाँनं सांगितलेलं असं. कमळाबाई त्यांना दिसलीच नाही, ती नवऱ्याला शोधत वरच्या अंगाला निघून गेली होती. बायांना वाटलं, पुढे असेल. त्या पाण्यात उतरल्या. पाणी पोटऱ्यांएवढं, थंडगार. गुणाबाई सगळ्यात कडेला, गवताच्या अंगानं वाकून झिंगे धरत होती. ती काहीतरी बोलत होती, दिवाळीला सून नंदिनीनं केलेल्या करंज्या कशा फुटल्या त्याबद्दल. बोलता बोलता थांबली. कमरजहाँला वाटलं, जाळ्यात काही मोठं आलं. तिनं वळून पाहिलं तर गुणाबाई तिथं नव्हती. गवत हलत होतं आणि टोपली पाण्यावर गोल फिरत होती. ओरडणं, डरकाळी, काही नाही. कमरजहाँ म्हणते, मी टोपली धरायला पुढे गेले, मला कळलंच नाही.

लटारूभाऊ परतीच्या वाटेवर होता. बायांची किंकाळी ऐकून तो धावला, शिट्टी वाजवत, काठी आपटत. पलीकडच्या शेतातले मजूर त्याच्या मागे. वाघिणीनं गुणाबाईला सोडलं, पण तोवर सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. वरून कमळाबाई धावत आली. नवरा जिवंत दिसला म्हणून तिचा चेहरा उजळला. मग तिनं खाली पाहिलं.

पुढं रीतसर सगळं झालं. खात्याच्या गाड्या आल्या, पिंजरा आला, कॅमेरे लागले, गावात सभा झाली. लोक चिडले होते आणि कुणावर चिडावं ते कळत नव्हतं. लटारूला काय बोलणार? चिंधी होती. एक नाही, दोन होत्या. सारा राग वाट शोधत शोधत कमळाबाईच्या दारात गेला. तेराव्याच्या दिवशी नंदिनी, गुणाबाईची सून, सगळ्यांसमोर तिला म्हणाली, "बाई, तुमी काऊन निघाल्या? तुमी निघाल्या म्हून माई सासू गेली."

"मी माया माणसाले पाहाले गेल्ती वो," कमळाबाई म्हणाली. "मी तुमाले चला म्हटलं का?"

नंदिनीचं म्हणणं अन्यायाचं होतं, पण खोटं नव्हतं. मी तिथं होतो. मला दोघींचीही दया आली आणि आम्हा सगळ्यांचीच चीड आली. सरकारी चिंधीपेक्षा शेजारणीच्या पावलांवर भरवसा ठेवणारी माणसं आम्ही. आमचं कुठे चुकलं तेही सांगता येत नाही.

वाघीण पिंजऱ्यात गेली नाही. पिल्लं घेऊन वरच्या जंगलात निघून गेली, असं लटारूभाऊनं खुणांवरून सांगितलं. कमळाबाई तीन महिने घराबाहेर पडली नाही. पाणी भरायलाही नाही, आणि पुढे पडू लागली तरी नाल्याकडे नाही. लटारूभाऊ नळावर घागरी घेऊन उभा राहायचा, बायांच्या रांगेत, मान खाली घालून. त्या थंडीत धोबी पक्षी आला की नाही, मला ठाऊक नाही. तो सांगायला आला नाही आणि मी विचारलं नाही.

यंदा पाऊस ओसरला तसा लटारूभाऊ माझ्याकडे चिंधी मागायला आला. म्हणाला, "आता खूण असली तरच बांधीन. उगाच बांधनार नाई." फाट्यावर कुणी विचारलं तर आता तो "काही नाई" म्हणत नाही. म्हणतो, "आज दिसला नाई. नसन असं नाई." हे वाक्य त्यानं एक वर्ष आधी म्हटलं असतं तर, असं माझ्या मनात येतं. पण त्या वेळी ते कुणी ऐकून घेतलं असतं? आम्ही म्हटलं असतं, लटारू, धड सांग, जाऊ की नको?

फांदी मोकळी राहिली तरी नाल्याकडे कुणी जाईना. दसरा गेला. बाया फाट्यापर्यंत यायच्या, फांदीकडे पाहायच्या, आणि मग वळून निमगड्यांच्या बंद दाराकडे पाहायच्या. एवढं होऊनही सवय सुटली नव्हती. कुणी बोलत नव्हतं, पण साऱ्या आळीला हवं होतं की ते दार उघडावं. गवत वाढत होतं, गोठ्यातल्या गव्हाणी रिकाम्या होत्या.

एका सकाळी ते दार उघडलं. कमळाबाई टोपली आणि काठी घेऊन बाहेर आली, मागच्या वाटेनं नाही, सरळ मोहाच्या झाडाखालून. फाट्यावर उभ्या असलेल्या बायांना म्हणाली, "तुमी इथीच थांबा. मी नाल्यावरच्या बंधाऱ्यापावतर जाऊन येतो. मी आली की मंग जाजा. मी नाई आली तं जाऊ नोका." आणि ती गेली.

लटारूभाऊ तिच्या मागे निघाला तर तिनं वळून त्याला थांबवलं. "तुमी पहाटे गेल्ते ना एकटे? झालं तुमचं. दोघंही एका वाटेनं जायचं नाई. आयुषले कोनी तरी पायजे." अशा आवाजात बोलली की तो जागीच उभा राहिला.

मी संतापलो. मी बायांना म्हटलं, लाज वाटत नाही का, एका बाईला पुढे घालता? नंदिनी रडत होती, पण तीही टोपली घेऊनच आली होती. कमरजहाँनं माझा हात धरून मला बसवलं. म्हणाली, तिला जाऊ द्या, ती आपल्यासाठी जात नाहीये. मग कुणासाठी जातेय, ते तिनं सांगितलं नाही. मला वाटतं, गुणाबाईसाठी.

तेव्हापासून हे रोज चाललंय. फांदी मोकळी असेल त्या दिवशी कमळाबाई एकटी पुढे जाते. गुणाबाईच्या जागेवर डहाळ्यांचा ढीग झालाय, त्याच्या बाजूनं जाते. गवतावर काठी मारत बंधाऱ्यापर्यंत आणि तशीच परत. मग बाया उतरतात. ती मात्र पुन्हा नाल्यावर जात नाही, घरी जाऊन चूल पेटवते.

ती परत येईपर्यंत लटारूभाऊ माझ्या ओट्यावर बसलेला असतो. परवा त्याच्या खिशाची शिवण उसवली म्हणून त्यानं शर्ट काढून दिला आणि वही मांडीवर घेऊन बनियनवर बसला. पहाटेचं लिहिणं चालू होतं. मी सुईत दोरा ओवता ओवता वाकून पाहिलं. चितळ, खूण. रानडुकरं, खूण. खंड्या, दिसला. धोबी, दिसला. त्याखाली त्याच सरळ, शाळकरी अक्षरात: कमळा, गेली.

मी मागची पानं पाहायला मागितली. त्यानं दिली. प्रत्येक दिवशी जनावरं आणि पाखरं वेगळी, पण शेवटच्या दोन ओळी त्याच: कमळा, गेली. कमळा, आली.

"हे खात्याले कायले पायजे?" मी विचारलं.

"खात्याले नाई पायजे," तो म्हणाला. "मी पाह्यलं ते लिहितो."

त्या दिवसाची शेवटची ओळ अजून लिहायची होती. त्यानं वही उघडीच ठेवली होती आणि पेनाचं टोपण दातात धरलं होतं. डोळे मोहाच्या झाडाखालच्या वाटेवर होते. माझं मशीन जुनं आहे, फार खडखडतं, त्यात दुरून मारलेली हाक ऐकू येत नाही. म्हणून रोज तेवढा वेळ मी ते बंद ठेवतो आणि त्याच्या शेजारी बसून राहतो.